उत्तीर्णता आणि आकलन : महाविद्यालयीन पदार्थविज्ञानाच्या अध्यापनातील एक प्रश्न

एक नाणे सरळ वर फेकले आहे. ते हातातून सुटलेले असून अद्याप वर जात आहे. हवेचा रोध उपेक्षणीय मानल्यास या क्षणी नाण्यावर कोणते बल कार्य करीत आहे? उत्तर एका शब्दाचे आहे : गुरुत्वाकर्षण, आणि तेही खालच्या दिशेने. तथापि जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळून आले, की गतिशास्त्राचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम पुरा केलेले बहुसंख्य विद्यार्थीही नाण्यावर ऊर्ध्वगामी बल दाखवितात. हाताने दिलेले हे बल वाटेत खर्ची पडते आणि मग नाणे खाली येते, अशी त्यांची समजूत असते.

ही समजूत निर्बुद्धपणाची नव्हे. ती अनुभवातून उपजलेली आहे. ढकलणे थांबविले की हातगाडी थांबते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. भाषाही तिला दुजोरा देते. ‘चेंडूचा जोर ओसरला’ असे मराठीत सहज म्हटले जाते. बल या अर्थी मराठी विश्वकोशात योजलेला ‘प्रेरणा’ हा शब्दही अंतरात वसणाऱ्या गोष्टीचीच आठवण करून देतो. सारांश, विद्यार्थी वर्गात येतो तो कोरी पाटी घेऊन नव्हे. न्यूटनचे नियम तो पाठ करतो, सूत्रांत किमती घालून उदाहरणे सोडवितो, परीक्षाही उत्तीर्ण होतो. आणि जुनी समजूत जागच्या जागी राहते.

याचे मोजमाप करण्याचा प्रयत्न अॅरिझोना राज्य विद्यापीठात झाला. इब्राहिम हलून व डेव्हिड हेस्टेनेस यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चार प्राध्यापकांच्या वर्गांची तुलना होती. चौघांच्या शैली अगदी भिन्न होत्या. पण विद्यार्थ्यांच्या मूलभूत आकलनातील वाढ जवळजवळ सारखीच, म्हणजे अल्प, भरली. व्याख्यान रंगले की विषय समजला, या समजाला त्यामुळे धक्का बसला. पुढे १९९२ साली हेस्टेनेस व त्यांचे सहकारी यांनी बलसंकल्पनेची बहुपर्यायी चाचणी तयार केली. तीत आकडेमोड नाही. चुकीचे पर्याय मात्र विद्यार्थ्यांच्या प्रचलित समजुतींतूनच घेतलेले आहेत.

या चाचणीच्या आधारे रिचर्ड हेक यांनी ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांची माहिती १९९८ साली मांडली. शक्य असलेल्या वाढीपैकी प्रत्यक्षात किती वाढ झाली, हे त्यांचे माप. पूर्वचाचणीत ४० व उत्तरचाचणीत ५५ टक्के गुण मिळाल्यास शक्य ६० पैकी १५ पदरी पडतात. म्हणजे लाभांक ०.२५ येतो. रूढ पद्धतीच्या १४ अभ्यासक्रमांचा सरासरी लाभांक ०.२३ आला, तर विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करावयास लावणाऱ्या ४८ अभ्यासक्रमांचा ०.४८ आला.

अशा पद्धतींपैकी एरिक मेझर यांनी हार्वर्ड विद्यापीठात १९९१ पासून अवलंबिलेली पद्धती सर्वांत सुगम आहे. एका संकल्पनेचे थोडक्यात विवरण झाल्यावर प्राध्यापक एक बहुपर्यायी प्रश्न मांडतात. प्रत्येक विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उत्तर ठरवून नोंदवितो. मते विभागलेली दिसली, की शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून देण्यास सांगण्यात येते. नंतर पुन्हा मत घेऊन उलगडा केला जातो. येथे हुशार विद्यार्थ्याचे उत्तर इतर उचलतात, असा आक्षेप संभवतो. कोलोराडो विद्यापीठातील आनुवंशिकीच्या वर्गावरील २००९ च्या संशोधनाने त्याचे निरसन केले : गटात आरंभी कोणालाही योग्य उत्तर ठाऊक नसतानाही चर्चेमुळे आकलन सुधारते, आणि त्याच तत्त्वावरील नवा प्रश्न विद्यार्थी एकट्याने सोडवू शकतात. ही गोष्ट पदार्थविज्ञानापुरती मर्यादितही नाही. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांतील २२५ अभ्यासांच्या २०१४ सालच्या समालोचनात व्याख्यानप्रधान वर्गांतील अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग असलेल्या वर्गांतील २१.८ टक्के आढळले.

मग ही पद्धती सर्वत्र का रुजत नाही? एक कारण वेळेचे आहे. चर्चेला वेळ दिला, तर पाठ्यक्रमाचा काही भाग विद्यार्थ्यांनी घरी वाचून येणे अपरिहार्य ठरते. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. हार्वर्डमधीलच २०१९ सालच्या प्रयोगात सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले. परंतु आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले. ओघवते व्याख्यान समजल्याचा आभास निर्माण करते, तर स्वतः विचार करताना होणारी ओढाताण अज्ञानाची जाणीव देते. म्हणून विद्यार्थ्यांच्या समाधानावरून अध्यापनाची परीक्षा करणे धोक्याचे आहे, आणि पद्धती बदलण्यामागील हेतू त्यांना आरंभीच समजावून देणे इष्ट आहे.

या सुधारणेस खर्चिक साधनांची गरज नाही. अ, ब, क, ड अशी अक्षरे लिहिलेली चार पत्रे प्रत्येकाच्या हाती असली, तरी दीडशेंच्या वर्गात मत घेता येते. शेजाऱ्याशी होणारी चर्चा मातृभाषेत होऊ शकते, आणि परभाषेतील व्याख्येआड दडलेली समजूत तेथेच उघडी पडण्याचा संभव अधिक. अवघड काम एकच : समजुतीला नेमके डिवचणारे प्रश्न तयार करणे. त्यासाठी विद्यार्थ्यांच्या चुकीच्या उत्तरांचा संग्रह व अभ्यास करावा लागतो. हे काम विभागाविभागांतून होण्याजोगे आहे, आणि ते निकडीचेही आहे. कारण आज पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्यांपैकी कित्येकजण उद्या अध्यापक होतील. नाण्यावरील ते ऊर्ध्वगामी बल त्यांच्या मनातून गेले नसेल, तर ते पुढच्या पिढीच्या वहीत उतरल्यावाचून राहणार नाही.