नाग नदी आणि आपल्या दारची नाली



धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले, याचा खुलासा परमपूज्य बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात केला. त्यात नाग लोकांबरोबर या शहरातून वाहणाऱ्या नाग नदीचाही उल्लेख होता. त्याच नदीला आज आपण सर्रास नाला म्हणतो.

ही नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणात साचते. ज्या पवनीत प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले, तेच हे पवनी. वैनगंगेकाठच्या धिवर बांधवांचे पोट मासेमारीवर आहे. आपली घाण त्यांच्या जाळ्यापर्यंत जाते.

महानगरपालिका व कारखाने यांची जबाबदारी मोठी आहेच. परंतु आपला वाटाही आपण समजून घेतला पाहिजे. संडास-मोरीचे पाणी गडरलाईनमधून शुद्धीकरण केंद्राकडे जावे, अशी व्यवस्था असते. रस्त्याकडेची नाली पावसाच्या पाण्यासाठी असते. तिच्यात पडलेले सर्व काही शुद्ध न होता नदीत उतरते. म्हणून गाडीचे जळके ऑइल, उरलेला रंग किंवा कीटकनाशक नालीत ओतणे म्हणजे नदीतच ओतणे होय. जळके ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

अन्नाचे मात्र आपल्या लक्षात येत नाही. जयंती वा वर्धापनदिनाच्या भोजनदानानंतर उरलेला वरण-भात नालीत जातो. तो कुजवणारे सूक्ष्म जंतू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. अन्नच ते, त्याने काय होते, हा समज चुकीचा आहे. उरलेले वाटावे, खरकटे खड्ड्यात पुरून खत करावे, मगच भांडी धुवावीत. (स्वयंसेवक तेव्हा थकलेले असतात, म्हणून हे काम आधीच नेमून द्यावे.)

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकूही नये, असा पातिमोक्खात नियम आहे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. मोरीत थोडी नीळ कालवलेले बादलीभर पाणी ओतावे आणि बाहेरची नाली पाहावी. निळे पाणी तेथे दिसले तर घराची जोडणी चुकीची आहे. अशा घरांची यादी करून मंडळाच्या पत्रावर महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच जरूर घ्यावी.