आकड्यांचं गाणं कुठे होतं? म्युझिक स्ट्रीमर सुधारताना

म्युझिक स्ट्रीमर म्हणजे इंटरनेटवरून किंवा घरच्या हार्ड डिस्कवरून गाणं घेऊन ते अ‍ॅम्प्लिफायरला देणारी छोटी पेटी. तिचा आवाज सुधारायचा तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, ते आज आपण बघू. उदाहरणाला रास्पबेरी पाय घेऊ. तळहातावर मावणारा हा संगणक, त्यात व्होल्युमिओसारखं सॉफ्टवेअर टाकलं की स्ट्रीमर तयार. त्याचं सगळं उघडं असतं, त्यामुळे काय कुठे घडतं ते बोट ठेवून दाखवता येतं.

गाणं या पेटीत येतं ते आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाचं ध्वनिमुद्रण म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं माप, आणि प्रत्येक माप १६ बिटांचं. (हा आकडा विचित्र वाटतो ना? सुरुवातीला डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात २४५ रेषा, रेषेवर ३ मापं. गुणाकार करून बघा. ५० फील्डच्या पद्धतीत २९४ रेषा वापरत, उत्तर तेच.)

आता पहिली गोष्ट. आकडे जोवर आकडे आहेत तोवर त्यांचा 'सूर' बिघडत नाही. नेटवर्कवर एखादं पाकीट गहाळ झालं तर ते पुन्हा मागवलं जातं, आणि वाजण्याआधी सगळं बफरमध्ये जमा होतं. वाय-फाय कमजोर असेल तर गाणं अडखळेल, थांबेल. पण त्यामुळे तानपुरा कोरडा वाटायला लागणार नाही. म्हणून 'ऑडिओसाठी खास' म्हणून विकली जाणारी महागडी लॅन केबल म्हणजे आमच्या मते पैसे पाण्यात. मात्र अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'ऑटो'वर असेल तर कमजोर नेटवर काही अ‍ॅप गुपचूप हलक्या प्रतीची फाइल पाठवतात. ती सेटिंग बदला. ही सुधारणा फुकट आहे.

खरी भानगड सुरू होते ती आकड्यांचं व्होल्टेज होतं तिथे. पाय ४ पर्यंतच्या मोठ्या मॉडेलांवर ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आहे, पण त्यामागे ऑडिओसाठी वेगळी डॅक चिप नाही. प्रोसेसर एक पिन प्रचंड वेगाने चालू-बंद करतो, चालू राहण्याचा काळ कमीजास्त करतो, आणि पुढची साधी गाळणी त्याची सरासरी काढते. बातम्या ऐकायला हे पुरतं. पण विलंबित ख्यालाची सुरुवात लावा, जिथे नुसते तानपुरे चालू आहेत आणि गायकाने अजून षड्ज लावायचाय. तिथे मागची खरखर उघडी पडते आणि जवारीतले बारीक स्वरकण तिच्यात बुडतात. पाय ५ वरून तर हा जॅकच काढून टाकलाय.

उपाय म्हणजे ४० पिनांवर बसणारं डॅक कार्ड. हायफायबेरी कंपनीच्या डॅक प्लस कार्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१२२ ही चिप आहे. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, आणि या चिपचा स्वतःचा गोंगाट त्याच्याही खाली राहतो. जॅकवरून कार्डावर आलात की फरक कळायला कान तयार असण्याची गरज नाही. घरातलं कोणीही सांगेल.

त्याच्या वरच्या 'प्रो' कार्डावर आणखी एक गोष्ट मिळते: घड्याळ. तबल्याचे बोल बरोबर, पण सम सरकली तर? तसंच इथे. आकडा बरोबर असून भागत नाही, तो नेमक्या क्षणी वाजायला हवा. पायच्या स्वतःच्या स्फटिकाच्या वारंवारतेला ४४,१०० ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे तो ठोके किंचित मागेपुढे देऊन सरासरी साधतो. प्रो कार्डावर दोन स्फटिक असतात, २२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे. दोन्हींना ५१२ ने भागा: ४४,१०० आणि ४८,०००. भाग पूर्ण जातो, ठोका स्थिर. हा फरक यंत्रावर मोजता येतो. कानाला कळेलच, असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही.

मग कळतो की नाही हे ठरवायचं कसं? दोन्ही जोडण्यांचा आवाज आधी सारखा करा. १ किलोहर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा, फरक एका टक्क्याच्या आसपास आणा. हे टाळलंत तर जे किंचित मोठं वाजतं तेच 'चांगलं' वाटतं. दुकानातल्या कितीतरी डेमोंचं गुपित हेच. मग दुसऱ्याला अदलाबदल करायला सांगा आणि न बघता १० वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ९३ त एक आहे. तेवढे आले तर खुशाल पैसे घाला. ५-६ आले तर ते पैसे स्पीकरसाठी ठेवा.

वीजपुरवठ्याबद्दल थोडक्यात. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अडॅप्टर पुरतो. मोबाइलचा जुना चार्जर लावून व्होल्टेज पडू देऊ नका, एवढंच.

आणि एक अपेक्षा आधीच आवरून ठेवूया. १९२५ च्या आधीच्या तबकड्या भोंग्यापुढे गाऊन मुद्रित झाल्या. वरच्या पट्टीतले पुष्कळ स्वरांश त्यात कोरलेच गेले नाहीत. स्ट्रीमर कितीही भारी आणा, जे मेणावर उमटलंच नाही ते परत येत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे तयार स्ट्रीमर आहे, आत कार्ड बसवता येत नाही. शिवाय स्पीकरमधून सारखा 'हम्म' येतो.)

तो 'हम्म' बहुधा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या ५० हर्ट्झचा असतो, डॅकचा दोष नसतो. स्ट्रीमरच्या मागे ऑप्टिकल आउटपुट आहे का बघा, छोटं चौकोनी भोक, बऱ्याचदा आत लाल उजेड दिसतो. ते असेल तर बाहेरचा डॅक त्या वायरने जोडा. त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या जोडणीतून होणारा अर्थचा फेरा तुटतो. आणि डॅकही आपसूक बदलला जातो.