बुद्धिबळाचा खेळ कसा सुधारावा?



मधल्या सुट्टीत आपल्याकडे बुद्धिबळाचा पट मांडला जातो. पण पाचवीतली काही मुलं दोन-तीन डाव हरली की म्हणतात, "हे हुशारांचं काम, आपल्याला नाही जमायचं," आणि उठून जातात. माझे म्हणणे असे की, ती बहुतेक वेळा एकाच युक्तीने हरतात. ती युक्ती व तिच्यावरचा तोड मी येथे सांगत आहे.

पटावर ६४ घरे आणि दोघांची मिळून ३२ मोहरी असतात. प्रत्येकाच्या उजव्या हाताकडचे कोपऱ्यातले घर पांढरे यावे. मोहऱ्यांची किंमत पाठ करा : प्यादे १, घोडा ३, उंट ३, हत्ती ५, वजीर ९. राजाची किंमत करता येत नाही, कारण तो अडकला की डाव संपला. किंमत ठाऊक असली म्हणजे मारामारीत नफा की तोटा, हे लगेच कळते.

आता ती चार चालींची मात. पांढरा राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो, काळाही तसेच करतो. मग पांढरा राजाकडचा उंट बाहेर काढतो आणि पुढच्या चालीला वजीर तिरपा पटाच्या कडेला नेतो. दोघांचा डोळा एकाच प्याद्यावर असतो. ते म्हणजे काळ्याच्या राजाकडच्या उंटापुढचे प्यादे. त्याला राजाशिवाय कोणाचाच जोर नसतो. वजिराने ते मारले की मात! वजिराला उंटाचा जोर असल्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही.

तोड सोपा आहे. काळ्याने दुसऱ्या चालीला वजिराकडचा घोडा बाहेर काढावा, म्हणजे मधल्या प्याद्याला जोर मिळतो. वजीर कडेला आला की राजाकडच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवावे. वजिराची वाट बंद! तो मागे येऊन समोरून त्याच प्याद्यावर नेम धरील, तेव्हा राजाकडचा घोडा मध्ये आणावा. आता काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर आले आणि पांढऱ्याचा वजीर नुसता धावपळ करून दमला.

यावरून एक नियम निघतो. आधी घोडे आणि उंट काढावेत, लवकर किल्लेकोट करून राजा सुरक्षित ठेवावा, वजिराला घाई करू नये. घोडा पटाच्या मध्यभागी असला तर ८ घरांवर उडी मारू शकतो, कोपऱ्यात असला तर फक्त २. म्हणून मोहरी मध्याकडे आणावीत.

दर चालीला दोन प्रश्न विचारावेत. समोरच्याने ही चाल का केली? आणि मी ही चाल केली तर माझं काय फुकट जाईल? उत्तर सापडेपर्यंत हात मांडीवर ठेवावेत, कारण स्पर्धेत हात लावलेले मोहरे हलवावेच लागते.

शेवटाचाही सराव हवा. राजा व वजीर मिळून एकट्या राजावर मात करून बघा. पण जपून! त्याला शह नसताना एकही चाल उरली नाही, तर जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. डाव संपल्यावर लगेच सोंगट्या गोळा न करता, कुठे चुकलं ते दोघांनी मिळून पाहावे. त्यातून जितके शिकता येते तितके नुसते डावामागून डाव खेळून येत नाही.

पालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले, स्पर्धेत दोन घरे चालू शकते. म्हणून आजोबांशी खेळताना नियम आधी ठरवावेत. दुसरी गोष्ट, हा मुलींचा खेळ नव्हे असे कोणी म्हणू नये. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई महिला विजेत्या झाल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली, १९ व्या वर्षी, महिलांचा विश्वचषक जिंकला.

पट नसेल तर पुठ्ठ्यावर घरे आखा, चिंचोक्यांची प्यादी करा. आणि एक विनंती : लहान मुलाला चार चालींत हरवलंत, तर हसू नका. त्याला लगेच तोड दाखवा. तो टिकला तरच आपल्याला खेळायला चांगला गडी मिळेल.

— इयत्ता सातवी