‘कोल’ म्हणजे नेमकी कोणती भाषा?

‘कोल’ हा शब्द दिसायला एवढासा, पण भाषांच्या यादीत त्याने घातलेला गोंधळ मोठा आहे. कोल नावाची एक भाषा बांगलादेशात आहे, एक आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये आणि एक पापुआ न्यू गिनीत. त्यात आपल्याकडे कोलाम, कोरकू आणि कोळीही आहेत. नावं जुळली की नातंही जुळवून टाकायची आपल्याला सवय असते. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज : तिन्ही ‘कोल’ एकमेकींच्या बहिणी.
वस्तुस्थिती : बांगलादेशात राजशाहीच्या बाजूला बोलली जाणारी कोल मुंडा कुळातली, म्हणजे संथाली-मुंडारीच्या घरातली. कॅमेरूनची कोल बांटू, स्वाहिलीची लांबची नातलग. पापुआ न्यू गिनीतली कोल न्यू ब्रिटन बेटाच्या पूर्व भागात बोलतात आणि तिचं नातं इतर कोणत्याही मोठ्या कुळाशी पक्कं सिद्ध झालेलं नाही. नाव जुळलं तो निव्वळ योगायोग. इतकं आखूड नाव जगात तीन ठिकाणी स्वतंत्रपणे तयार व्हावं, यात नवल नाही.

गैरसमज : निदान भारतातले ‘कोल’ तरी एकच भाषा बोलत असणार.
वस्तुस्थिती : छोटा नागपुरात 1831-32 मध्ये इंग्रजांविरुद्ध झालेला उठाव ‘कोल उठाव’ म्हणून ओळखला जातो. त्या काळच्या इंग्रजी दप्तरात मुंडा, हो आणि उराँव या सगळ्यांवर ‘कोल’ हाच शिक्का बसला. यांपैकी मुंडारी आणि हो या मुंडा भाषा, पण उराँवांची कुडुख द्राविडी, म्हणजे कन्नड-तमिळच्या गोतातली. मध्य प्रदेशात रीवाच्या बाजूला कोल नावाची जमात आहे. ती आज बघेली-हिंदी बोलते. एकोणिसाव्या शतकात मुंडा भाषांना ‘कोलेरियन’ असंही म्हणत. पुढे अभ्यासकांनी ते नाव सोडून ‘मुंडा’ हेच रूढ केलं.

गैरसमज : कोलामी आणि कोरकू सख्ख्या शेजारणी, तेव्हा नात्यातल्याही.
वस्तुस्थिती : विदर्भातच दोन्ही ऐकायला मिळतात. कोलामी यवतमाळकडे, कोरकू मेळघाटात. पण घरातले दोन साधे शब्द घेतले तरी फरक दिसतो. पाण्याला कोलामीत ‘ईर’ म्हणतात, कन्नड-तेलुगूत ‘नीरु’. घराला कोलामीत ‘एल्ला’, तेलुगूत ‘इल्लु’. म्हणजे कोलामी द्राविडी. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1955 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. कोरकूत मात्र पाण्याला ‘डा’ म्हणतात आणि संथालीत ‘दाक’. ही मुंडा कुळाची खूण. मुंडा भाषांचा मुख्य मुलूख झारखंड-ओडिशा. कोरकू त्यातली सगळ्यात पश्चिमेकडची. 2011 च्या जनगणनेत सुमारे सव्वासात लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली.

गैरसमज : कोळी हे नाव ‘कोल’सारखं, म्हणून कोळ्यांची बोलीही त्यातलीच.
वस्तुस्थिती : मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरची कोळी बोली मराठीचीच. नावावर जायचं तर मराठीत जाळं विणणारा कोळीही आहे आणि संस्कृत कोशात ‘कोल’ म्हणजे रानडुक्कर, तसंच बोराचं फळ! त्यावरून कुणी भाषेचं कूळ ठरवत नाही, मग जमातीच्या नावावरून तरी का ठरवावं?

‘कोल’ हे नाव बऱ्याचदा इतरांनी दिलेलं. त्या लोकांनी स्वतःला दिलेली नावं वेगळी आहेत. कोरकूत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘कोरकू’ म्हणजे माणसं. संथालीत माणूस ‘होड’, मुंडारीत ‘होडो’, हो भाषेत नुसता ‘हो’. कोलामी-कोरकू कानाला जवळच्या वाटतात, पण नातं नाही. ‘कोरकू’ आणि ‘हो’ ऐकायला दूरच्या, पण दोन्ही नावांत तोच ‘माणूस’ आहे. तेव्हा एखाद्या भाषेचं कूळ जाणून घ्यायचं असेल, तर तिचं नाव नंतर विचारावं. आधी विचारावं, तुमच्यात पाण्याला काय म्हणतात?