विजेनं पसरणारं रबर : व्हिडिओतला ‘रबरी हात’ आपल्याला मिळेल का?

कडबाकुट्टीत उजवा हात गमावलेला आमच्या गावातला एक शेतकरी परवा पारावर भेटला. मोबाईल पुढं करून म्हणाला, “भाऊ, तुम्ही बातम्या लिहिता. हे बघा, रबराला वीज दिली की माणसाच्या स्नायूवाणी हलतंय म्हणे. असला हात आपल्याला मिळंल का?” त्याला खरं उत्तर द्यायचं म्हणून माहिती काढली, तीच इथं देतोय.

रबर हलतं, हे खरं आहे. रबराचा अगदी पातळ पापुद्रा घेतात. त्याच्या दोन्ही बाजूंना काजळीसारख्या कार्बनचा लेप देतात. हा लेप वीज वाहून नेतो आणि रबरासोबत ताणतोही. एका बाजूला प्लस, दुसऱ्या बाजूला मायनस जोडलं की दोन्ही बाजू एकमेकींना ओढतात आणि मधलं रबर दाबलं जातं. दाबल्यानं रबराचं आकारमान कमी होत नाही, म्हणून ते चहूकडं पसरतं. भाकरी थापताना गोळा पातळ होऊन रुंद होतो, तसंच. साठलेली वीज उतरवली की रबर पुन्हा मूळ आकारात येतं. भाकरीचा परत गोळा होत नाही, एवढाच फरक. आपल्या पंपाच्या मोटारीला कंडेन्सर असतो ना, हा त्याचाच मऊ भाऊ समजा.

ही कल्पना नवी नाही. पुढं एक्स-रे शोधणारे जर्मनीचे रॉन्टगेन यांनी १८८० मध्येच विजेचा भार दिल्यावर रबराची लांबी बदलते, हे पाहिलं होतं. २००० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या एसआरआय या संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं, की ॲक्रिलिकचा पापुद्रा आधी ताणून धरला तर विजेनं तो दुपटीहून जास्त पसरतो.

मग अडलंय कुठं? पहिली अडचण व्होल्टेजची. घरात २३० व्होल्ट येतात, या रबराला बहुतेक वेळा हजारो व्होल्ट लागतात. डुकरांसाठी कुंपणाला लावतो त्या झटका मशीनच्या तोडीचे. करंट थोडाच लागतो, पण हे अंगाजवळ वापरायचं म्हणजे जोखीम आली. पापुद्रा पातळ केला तर कमी व्होल्टेजमध्ये भागतं, पण एका पापुद्र्याचा जोर कमी पडतो. म्हणून थरावर थर रचावे लागतात. त्यात एखादी जागा कच्ची राहिली की तिथून ठिणगी पडते आणि रबराला भोक पडतं.

दुसरी अडचण ताकदीची. २००५ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला विजेवर हलणाऱ्या प्लास्टिकच्या तीन हातांची एका १७ वर्षांच्या मुलीशी पंजा लढवण्याची स्पर्धा झाली. मुलीनं तिन्ही हात पाडले.

पण काम थांबलेलं नाही. चिनी संशोधकांनी असल्याच रबराचे पर लावलेला माशासारखा रोबोट मारियाना गर्तेत नेला. १०,९०० मीटर खोल पाण्याच्या दाबातही त्यानं पर हलवले. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मऊ वस्तू दाबाखाली फुटत नाही, हा या रबराचा मोठा गुण.

आता त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडं येऊ. आज विजेवरचे जे कृत्रिम हात बसवतात, त्यात छोट्या मोटारी असतात, असलं रबर नाही. म्हणून ‘रबरी हात देतो’ म्हणून कोणी ॲडव्हान्स मागितला तर एक रुपयाही देऊ नका. घरी प्रयोग तर बिलकूल नको. हजारो व्होल्टशी खेळ जिवावर बेतेल.

त्यापेक्षा दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल आणि उत्पन्नाच्या अटीत बसत असाल, तर केंद्राच्या एडिप योजनेतून कृत्रिम अवयव मिळू शकतो. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

त्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजी रबर खरं, हात अजून नाही.” एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.