गिरनारच्या पायऱ्या आणि जुनागडची शिळा

व्यापारी मनुष्य प्रवासास निघाला तर मालासाठी, नाहीतर लग्नकार्यासाठी, असा आपल्या पेठेतील जुना समज आहे. आम्हीही चाळीस वर्षे तो पाळला. गेल्या थंडीत मात्र पेढीच्या किल्ल्या थोरल्या चिरंजीवांच्या हाती देऊन, सौभाग्यवती, धाकटे चिरंजीव, सूनबाई व दहा वर्षांचा नातू यांसह आम्ही गिरनार व जुनागड पाहून आलो. व्यापारीबंधूंना त्याचा काही उपयोग व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बेळगावकरांस गिरनार परका नाही. आपल्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली उभी राहिली. तिचे मूलनायक नेमिनाथ, आणि नेमिनाथांची निर्वाणभूमी म्हणजे गिरनार. लहानपणापासून ज्यांचे दर्शन घेतले, त्यांचा पर्वत साठी उलटल्यावर पाहावयास मिळाला.

पहाटे चार वाजता भवनाथ तळेटीहून निघालो. २०२० च्या ऑक्टोबरपासून येथे रोपवे आहे. डोलीवालेही उभे असतात. दोन्ही नाकारून आम्ही ऐटीत पुढे झालो. "मामंजी, पन्नास पायऱ्या झाल्या की थांबावे," असे सूनबाई मागून सांगत होत्या, तिकडे लक्ष दिले नाही. दीड हजार पायऱ्यांच्या सुमारास गुडघा आखडला, दम कोंडला आणि आम्ही कठड्याशी मटकन बसलो. परत फिरावे, असे मनात आले. नातू शेजारी येऊन बसला व म्हणाला, "आजोबा, आपण दोघे सगळ्यांच्या मागून जाऊ या." पेढीवर आम्हांस मागे राहण्यास आजवर कोणी सांगितले नव्हते.

पुढचा डोंगर सूनबाईंच्या हिशेबाने चढलो : पन्नास पायऱ्या, विसावा, उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन घोट. चांगले ऊन पडले तेव्हा, चार हजारांच्या आसपास पायऱ्या चढून, जिनमंदिरांच्या समूहात पोचलो. नेमिनाथांच्या श्यामवर्ण मूर्तीपुढे सौभाग्यवतींचे डोळे भरून आले. जवळच तेराव्या शतकातील वस्तुपाल मंत्र्याचे तीन गाभाऱ्यांचे मंदिर आहे. वस्तुपाल वणिक कुळातला; संपत्तीचा विनियोग कसा करावा, हे त्याच्या दगडी नक्षीपुढे उभे राहिल्यावर कळते.

तेथून अंबाजीचे शिखर आणखी हजारभर पायऱ्या. रोपवेचे वरचे स्थानक तेथेच असल्याने, पाळण्याने येणाऱ्यास मंदिरांसाठी तेवढ्या पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात, हे वृद्धांनी ध्यानी ठेवावे. आम्ही उभयता हळूहळू अंबाजीस गेलो व पाळण्याने खाली आलो. धाकटी मंडळी पायी उतरली. त्यात आम्हांस कमीपणा वाटला नाही.

दुसरा दिवस शहराचा. गिरनारच्या वाटेवरील एकाच शिळेवर तीन काळांचे लेख आहेत : अशोकाच्या चौदा आज्ञा, इ. स. १५० च्या सुमाराचा रुद्रदामनाचा आणि पाचव्या शतकातील स्कंदगुप्ताच्या काळचा. अशोकाच्या पहिल्याच आज्ञेत प्राणिहत्येचा निषेध आहे. रुद्रदामन सांगतो की, सुदर्शन तलावाचा बांध वादळात फुटला, तो प्रजेवर कर वा वेठ न लादता स्वतःच्या कोशातून बांधविला. स्कंदगुप्ताच्या काळी तो पुन्हा फुटला व पुन्हा बांधला गेला. "फुटणारा बांध पुन्हा पुन्हा का बांधायचा?" असे नातवाने विचारले. "खाली माणसे राहत होती, शेते पिकत होती, म्हणून," एवढेच आम्ही म्हणालो.

जीर्णोद्धारानंतर २०२३ साली पुन्हा खुल्या झालेल्या उपरकोट किल्ल्यात जुनी धान्यकोठारे आहेत. त्यांच्या दाराशी आम्ही धाकट्या चिरंजीवांस ओल व कीड यांविषयी सांगू लागलो, तेव्हा सर्वच हसले. खडकात खोदलेल्या आदी-कडी वावेच्या पायऱ्या मात्र वरूनच पाहिल्या. पाय उतरावयास तयार नव्हते!

परत आलो तो रोजमेळ जुळलेला होता. थोरल्या चिरंजीवांनी तुरीचा एक सौदा आमच्या रीतीहून निराळा केला होता. पूर्वी आम्ही तत्काळ बोललो असतो. या खेपेस वही मिटली आणि किल्ल्या त्यांच्याकडेच राहू दिल्या. व्यापारीबंधूंनो, गुडघे साथ देत आहेत तोवर लेकरानातवंडांसह एखादा डोंगर चढून या, आणि चढताना थोडे मागे राहून पाहा.