लक्ष नाही, की लक्षावर ताबा नाही?

माझ्या रूम पार्टनरला थर्ड इयरला असताना एडीएचडीचं निदान झालं (त्याला विचारूनच लिहितोय). तोवर सगळे त्याला आळशी म्हणत. हा गडी रात्री तीनपर्यंत सर्किट जोडत बसायचा, पण सबमिशनच्या सकाळी जर्नल कोरं! मला हे कोडंच वाटायचं. वाचल्यावर कळलं, की यात लक्ष कमी नसतं, ते हवं तिथे वळवण्याचा ताबा कमी असतो. आवडीच्या कामात माणूस बुडून जातो, कंटाळवाणं काम सुरूच होत नाही.

अशा मुलांचं वर्णन लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच केलं होतं. मोठेपणी पळापळ कमी होते; विसराळूपणा, आतली अस्वस्थता, वेळेचा चुकणारा अंदाज मात्र राहतो. शाळेत गप्प बसून हरवलेली मुलं, विशेषतः मुली, निदानातून सुटतात ती यामुळेच. त्रास कुणाला दिसतच नाही.

मोबाइलमुळे अभ्यास होत नाही म्हणजे एडीएचडी नव्हे, बरं का! अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. रक्ततपासणीत हे कळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ लहानपणापासूनचं सगळं विचारतात, जमल्यास आईवडिलांनाही.

उपचारात कामाचे तुकडे पाडायला शिकवतात, गरजेप्रमाणे मेथिलफेनिडेटसारखं औषध देतात. पीएलमध्ये नाइट मारायला मित्राच्या या गोळ्या मागणारे महाभाग आहेत. त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: त्यांनी हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, आणि डोस ठरवणारा डॉक्टर तुमच्या विंगमध्ये राहत नाही.